शिंपल्याच्या डोहाचं पथ्य

आमच्या घरात चमचा नव्हता. गरिबी दाखवायला हे लिहीत नाही. चमच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, एवढंच. भाकरी आमटीत कुस्करून हातानं खायची, आणि तान्ह्या लेकराला दूध पाजायचं ते शिंपल्यानं. शिंपल्याची कड लेकराच्या ओठाला बरोबर बसते, दूध सांडत नाही आणि लेकराला ठसका लागत नाही. कैरी सोलायची तीही शिंपल्यानंच. त्याची पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडायचं, की त्या भोकाच्या धारेनं साल लांबच लांब निघत यायची. उन्हाळ्यात माय आणि शेजारच्या बाया लोणच्याच्या कैऱ्या घेऊन ओसरीवर बसल्या की दुपारभर तो खरवडल्याचा आवाज चालायचा आणि मला त्यात झोप लागायची. आता माझी सून स्टीलचं सोलणं घेऊन बसते. ते आवाजच करत नाही. मी उगाच तिच्यावर चिडते आणि ती बिचारी विचारते, "आई, काही चुकलं का?" तिचं काही चुकलेलं नसतं.

शिंपले यायचे ते आमच्या दारातूनच म्हटलं तरी चालेल. घर गावाबाहेर, कयाधूच्या काठावर होतं, कारण मेंढरांचा वास गावाला नको होता आणि गावची कुत्री मेंढरांना नको होती. घराखालीच नदीला वळण होतं. एका अंगाला काळा खडक, दुसऱ्या अंगाला वाळू, मध्ये डोह. उन्हाळ्यात नदी जागोजाग आटायची, या डोहाचं पाणी मात्र टिकायचं. त्याच्या तळाशी वाळूत अर्धे रुतून शिंपले बसलेले असत, काळपट हिरवे, तळहाताएवढे. पाण्यात उभं राहिलं की तळपायाला त्यांच्या कडा लागायच्या. गावात कुणाकडे बाळंतपण झालं की त्या घरचं माणूस आमच्या दारात येऊन उभं राहायचं. काय हवंय ते विचारावं लागत नसे. माय खाली जाऊन वाळूवर नदीनं टाकलेला रिकामा शिंपला निवडायची, राखेनं घासायची, हळदीच्या पाण्यात उकळायची आणि पदरानं पुसून द्यायची. जित्या शिंपल्याला मात्र पाण्याबाहेर काढायचं नाही, हा कायदा होता. "नदीनं देल्लं घ्यायचं. तिच्या पोटातलं वढायचं न्हाई," माय म्हणायची, आणि तिचा हात चांगलाच लागायचा म्हणून आम्ही भावंडंही हा कायदा पाळायचो.

माझ्या बापाचं नाव महादू. आम्ही त्याला बा म्हणायचो आणि गाव म्हादबा म्हणायचं. अंगानं उंच, बोलायला कमी, आणि जे बोलायचा त्यातलं निम्मं मेंढरांशी. मायला राग पटकन यायचा आणि भाकऱ्या भाजून होईपर्यंत जायचा. बाचा राग सावकाश यायचा आणि मग मुक्कामालाच राहायचा. मी थोरली, नाव गोदावरी, घरात गोदी. मला चिडवायला बा म्हणायचा, "गोदे, तुला बी डोहातूनच आणलं. तोंड उघडं असलेला शिंपला व्हता, तवाच वळखलं का ही बडबडी निघंल." लहानपणी मला ते इतकं खरं वाटायचं की मी मायला जाऊन विचारायचे, मग माझ्या शिंपल्याचं टरफल कुठे आहे. ती चुलीपुढून उठून बाला शिव्या घालायची आणि बा कांबळीत तोंड लपवून हसायचा. घरातलं एवढं हसणं नंतर फार ऐकलं नाही, म्हणून ते मला ठळक आठवतं.

हिंगोलीच्या कॉलेजातल्या मॅडम आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. प्राणिशास्त्र शिकवायच्या. एसटीतून उतरल्या, साडीचे काठ वर खोचले आणि कॅनव्हासच्या बुटांसकट सरळ पाण्यात शिरल्या, तेव्हा बाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं आहे. त्यांनी एक शिंपला उचलला, पाण्याच्या आतच धरून निरखला आणि होता तिथे परत रोवला. परत ठेवला म्हणून माय त्यांच्याशी बोलली, नाही तर बोलली नसती. ही जात आता थोड्याच नद्यांत उरली आहे, असं मॅडमनी सांगितलं. वरचे-खालचे कितीतरी डोह त्या हिंडून आल्या होत्या आणि बहुतेक ठिकाणी नुसती टरफलं सापडली होती. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस चघळलं गेलं. शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. जन्मली की ती माशाच्या कल्ल्याला चिकटतात, त्याच्या अंगावर बसून फिरतात आणि जरा मोठी झाली की सुटून वाळूत पडतात. मासा भेटला नाही तर पिल्लू जगत नाही.

"म्हंजी आमी कवळं कोकरू कांबळीत घालून नेतो, तसं," बा म्हणाला.

"अगदी तसंच."

"मासा काहून नेते पर? त्याला काय भेटते?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या.

बाला हे पटलं नाही. कुणाचं ओझं कुणी फुकट वाहील हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. पण तेव्हापासून तो डोहातल्या माशांकडेही कळपाकडे बघावं तसा बघू लागला. पूर्वी कुणी जिलेटिनचा बार उडवून किंवा पांढरी पावडर टाकून मासे मारायला आलं तर तो फक्त कुरकुरायचा. आता काठी घेऊन उतरायचा. मॅडम दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागल्या, ओसरीवर बसून मायच्या हातचे धपाटे दह्याशी खाऊ लागल्या, आणि शिंपल्याच्या पाठीवरच्या रेघा वाचून त्याचं वय कसं ओळखायचं ते मला दाखवू लागल्या. शिंपला नदीचं पाणी आतून गाळून सोडतो, म्हणून तुमचा डोह इतका नितळ आहे, असंही त्या म्हणायच्या. माय म्हणायची, हे तर आम्हाला ठाऊकच होतं. ते तिला मुळीच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास नदीत वाळूचे ट्रॅक्टर आले. हिंगोलीत बांधकामं वाढत होती आणि कयाधूची वाळू चांगली. गावातल्या शेषरावनं वरच्या पट्ट्याचा परवाना घेतला होता, पण त्याची नजर आमच्या डोहावर होती, कारण तिथे वाळूचा थर खोल होता. त्याचे ट्रॅक्टर एकदा डोहाच्या तोंडाशी आले तेव्हा बानं सगळी मेंढरं त्यांच्यापुढे आणून बसवली. मेंढरू एकदा बसलं की भोंगा वाजवून उठत नाही. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, भोंगा वाजवला, शेवटी ट्रॅक्टर मागे घेतला. शेषरावनं पारावर सगळ्यांदेखत म्हटलं, "म्हादबा, नदी काय तुह्या बापाची हाय का?" बा म्हणाला, "तुह्या बी न्हाई." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं, आणि शिंपल्याच्या निमित्तानं का होईना, गाव बाच्या बाजूनं उभं राहिलं. बाला गावानं असा मान द्यायची ती पहिलीच वेळ होती. तो पारावर जाताना धुतलेला पटका बांधू लागला, हे मी पाहिलं होतं.

शिमगा झाला की कातरणी यायची, आणि कातरणीआधी मेंढरांची धुणी. धुतल्याशिवाय लोकर कातरता येत नाही; वाळू आणि काटेकुसळांनी कातऱ्यांची धार जाते आणि कातरणारे नावं ठेवतात. म्हणून सगळा कळप डोहातून पोहवून काढायचा. आमच्या घरी दिवाळीपेक्षा या दिवसाचं कौतुक जास्त होतं. माय पहाटेपासून येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी शिजत घालायची, भाकऱ्यांची चवड लागायची, एखादी मेंढी नुकतीच व्यायलेली असली तर तिच्या चिकाचा खरवस व्हायचा. आधी म्होरक्या मेंढीच्या कपाळाला हळद लावायची, चिमूटभर हळद पाण्यावर सोडायची, आणि बा काठावर उभा राहून डोहाला विचारायचा, "येऊ का?" मग थोडा थांबायचा. खरोखरच उत्तराची वाट बघितल्यासारखा थांबायचा. त्यानंतर तो स्वतः छातीभर पाण्यात उतरायचा, आम्ही पोरं मेंढरं लोटायचो, बा एकेकीला धरून अंग चोळायचा आणि पलीकडच्या वाळूवर सोडायचा. ओल्या मेंढरांची बें बें, पाण्याचा धबधब आणि मायची ओरड. मॅडमनी एका वर्षी काठावर बसून हे सगळं बघितलं आणि मेंढरांच्या पायांनी शिंपल्यांना काही होत नाही, उलट वाळू हलती राहते, असं सांगितलं.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी गोचिडांनी कहर केला होता. कोकरांचे कान गोचिडांनी लगडले, रक्त आटून ती उभ्या उभ्या कोसळू लागली. करंजाचं तेल लावून झालं, तंबाखूचं पाणी झालं, मायनं नवस बोलून झाला. बा हिंगोलीच्या बाजारात, मोंढ्याजवळच्या दुकानातून औषधाची बाटली घेऊन आला. गोचिडांवर नवीन औषध आलं होतं, पाण्यात मिसळून मेंढरू त्यात बुडवून काढायचं. औषध कडक आहे, लेकरांपासून लांब ठेवा, एवढं दुकानदारानं बजावलं होतं. बानं ते इतकं मनावर घेतलं की नदीपासून लांब, शेताच्या पार वरच्या कोपऱ्यात खड्डा खणला, त्यात प्लास्टिक अंथरलं, मेंढरं बुडवली, आणि उरलेलं पाणी तिथेच जिरवून वर माती लोटली. रिकामी बाटली वळचणीला खोचून ठेवली. डोहाला शिंतोडासुद्धा लागू नये म्हणून त्यानं ही सगळी उस्तवार केली होती.

बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती; मला ती लावता यायची, पण अर्थ आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हता. पण एक चित्र होतं, ते सगळ्यांना वाचता आलं. मासा, आणि त्याच्यावर फुली. मायनं ते बघितलं आणि लगेच अर्थ लावला. आमच्याकडे कुठलंही औषध पथ्याशिवाय नसायचं. वैदूची मुळी घेतली की आंबट बंद, काविळीचं औषध घेतलं की तेल बंद, आणि पथ्य मोडलं तर औषध उलटतं, ही खात्री. त्यामुळे मेंढरांना औषध लावल्यावर घरात मासळी शिजवायची नाही, हे तिला सरळ दिसलं आणि आम्हालाही दिसलं. धाकटा भाऊ झिंग्यांच्या चटणीसाठी हटून बसला तर तिनं त्याला धपाटा घातला. आठवडाभर आम्ही मासळीचं नाव काढलं नाही. गोचीड गळून पडले, कोकरं उड्या मारू लागली, आणि माय म्हणाली, "बघा, पथ्य पाळलं का गुण येतेच."

तेवढ्यात कातरणारे आले. धुणी लांबवता येत नव्हती. बानं हळद सोडली, डोहाला विचारलं, थांबला, आणि नेहमीसारखा कळप पाण्यात घातला. औषध लावून थोडेच दिवस झाले होते, लोकर त्यानं भिजलेली होती. आम्ही ती चोळचोळून धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले तर झिंगे वाळूवर उड्या मारत होते. पाण्यातून बाहेर यायला धडपडत होते आणि बगळे रांगेनं उभे राहून त्यांना टिपत होते. दुपारी मासे पालथे होऊन वर आले. शिंपल्यांना वेळ लागला. दोन-तीन दिवसांनी ते एकेक करून वाळूतून वर आले, आडवे झाले आणि त्यांची तोंडं उघडली. जित्या शिंपल्याला बोट लागलं तर तो लगेच मिटतो. बा गुडघाभर पाण्यात वाकून एकेकाला बोट लावत हिंडत होता. लावायचा, थांबायचा, पुढे जायचा. जेवायला हाक मारली तरी आला नाही. मला त्याच्याकडे बघवेना आणि तिथून हलवेनाही. वास सुटला तसं गाव काठावर जमलं. कुणीतरी म्हणालं, "शेषरावाचंच काम हाय हे. शिंपले मेले म्हंजी म्हादबा राखंल तरी काय?" आणि ते सगळ्यांना एकदम पटलं. मलाही पटलं. माणसं इतकी चिडली होती की शेषराव त्या दिवशी घराबाहेर पडला नाही. सरपंचानं तहसीलला निरोप धाडला, साहेब यायचे ठरले. साहेबांनी पंचनामा केला की शेषरावाचा परवाना जाणार आणि नदीतून ट्रॅक्टर कायमचे हटणार, अशी सगळ्यांची खात्री झाली.

मॅडम आल्या त्या साहेबांच्या एक दिवस आधी. बराच वेळ पाण्यात फिरल्या. आधी झिंगे मेले, मग मासे, मग शिंपले, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ओसरीवर येऊन बसल्या. मायनं चहा ठेवला. चहा घेताना त्यांची नजर वळचणीकडे गेली. त्यांनी उठून बाटली काढली आणि फिरवून बघितली.

"हे कधी वापरलं?"

बानं सांगितलं. धुणीच्या आधी, आणि कुठे, आणि किती लांब खड्डा खणून.

"हा मासा दिसतोय का तुम्हाला?" मॅडमचा आवाज अगदी खाली गेला होता.

"दिसते की," माय म्हणाली. "पथ्य पाळलं बराबर. आठ रोज मासळी शिजवली न्हाई घरात."

मॅडमनी बाटलीवरच्या माशावरून नजर उचलून खाली डोहाकडे बघितलं. त्या बघण्यातूनच बाला समजलं. त्यानं बाटली त्यांच्या हातातून घेतली, माशावर अंगठा ठेवला आणि खाली बसला. मायला मात्र समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं होतं मॅडम ओरडतील. त्या म्हणाल्या, "धुणी तर मी स्वतः बघितली होती, म्हादबा. तुमच्या घरी वर्षानुवर्षं येत होते. मेंढरांना काय लावता, हे एकदाही विचारलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "उद्या काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण मला कुणी विचारणार नाही."

त्या गेल्यावर आमच्या घरात जे झालं ते भांडणही नव्हतं. माय एकटीच बोलत होती. "गप ऱ्हावा उद्या. एक लफ्ज काढू नका. शेषराव काय गरीब गाय हाय का? त्यानं वरची नदी खाल्लीच न? त्याच्यावर आळ आला तर येऊ द्या. टॅक्टर तरी जातील. उरलं सुरलं तरी वाचंल." बा कांबळ दुमडत बसला होता. माय मला म्हणाली, "गोदे, तू सांग बाला. तुहं ऐकते तो." मी मायच्या बाजूची होते. मी म्हटलं, "बा, गप राह्यलं तर डोह वाचतो." बानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हय, बराबर हाय तुहं." मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळं गाव होतं. तहसीलचे साहेब खुर्चीवर, शेषराव एका बाजूला मान खाली घालून. सरपंच बोलले, आणखी दोघं-तिघं बोलले. साहेबांनी विचारलं, विष टाकताना कुणी पाहिलं का. कुणीच पाहिलं नव्हतं, पण दोघं जण पाहिलं म्हणायला तयार होते. त्यातला एक उठून उभा राहिला, तेव्हा बा पुढे झाला. धुतलेला पटका त्यानं त्या दिवशी बांधला नव्हता, उघड्या डोक्यानंच आला होता. बाटली साहेबांपुढे ठेवून म्हणाला, "साहेब, माह्या मेंढरानं मारले शिंपले. मी धुतले मेंढरं डोहात. शेषरावाचा यात काही संबंध न्हाई." एवढं बोलून तो बसायलाही थांबला नाही, घराकडे चालू लागला. मी त्याच्या मागे धावले. मागून लोकांचा आवाज येत होता, आणि तो शेषरावावर रागावलेला आवाज नव्हता.

संध्याकाळी शेषराव आमच्या अंगणात आला. चपला बाहेर काढून, हात जोडून. "म्हादबा, तुमचे लय उपकार हायेत. माणूस असावा तर असा," म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि ते खोटे नव्हते. आठवडा झाला नाही तोच त्याचे ट्रॅक्टर डोहाच्या तोंडाशी आले. यावेळी मेंढरं पुढे बसवायला बा गेला नाही. गावातलं कुणीच गेलं नाही. राखणार होता त्यानंच मारलं, मग आता कशाला राखायचं, असं लोक आमच्या तोंडावर बोलले. मी तेव्हा बावर फार रागावले होते. गप्प राहायला त्याचं काय जात होतं? आज इतक्या वर्षांनीही मी हा प्रश्न उलटापालटा करून बघते. कधी वाटतं, त्यानं खरं बोलून एक माणूस वाचवला. कधी वाटतं, त्यानं स्वतःपुरतं मन हलकं केलं आणि नदी देऊन टाकली. माझं उत्तर ठरत नाही, आणि ठरल्याचा आव मी आणणार नाही.

ट्रॅक्टर यायच्या आधीचे ते थोडे दिवस मात्र बा आणि मॅडमनी वाया घालवले नाहीत. डोहाच्या वरच्या टोकाला, जिथे बारीक धारेनं पाणी आत येत होतं, तिथे काही शिंपले बोट लावल्यावर अजून मिटत होते. मॅडम म्हणाल्या, इथून उचलून वर नर्सीच्या बाजूला एका बंधाऱ्याखालच्या डोहात नेऊन ठेवू, तिथे मासे आहेत. जित्या शिंपल्याला पाण्याबाहेर काढायचं म्हणताच आम्ही मायकडे बघितलं. ती टोपल्या काढायला आत गेली. ओलं राहावं म्हणून बानं टोपलीत नुकतीच कातरलेली लोकर भिजवून घातली. आम्ही नाजूक काही न्यायचं असलं की लोकरीतच न्यायचो. माय धावत आली आणि तिनं ती लोकर ओढून बाहेर फेकली. "अजून कळंना का तुमाला? त्यातच हाय न ते इख." मग आत जाऊन तिनं आपलं सणाचं लुगडं आणलं, पाण्यात बुचकळलं आणि टोपलीत अंथरलं. शिंपले तिनं स्वतःच्या हातानं उचलले. प्रत्येकाला उचलताना ती काहीतरी पुटपुटत होती. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. नदीच्या पात्रातून टोपल्या डोक्यावर घेऊन आम्ही वर गेलो.

त्यानंतर बानं मेंढरं कधीच नदीत घातली नाहीत. शेतात बादल्यांनी पाणी ओतून धुवायचा. हळद नाही, आमटी नाही, विचारणं नाही. आमचा डोह ट्रॅक्टरांनी खरवडून खडकापर्यंत नेला. शेषराव बाला दिसला की रामराम घालायचा, आणि बा मान वळवायचा. गावात बाळंतपण झालं तर आता कुणी आमच्या दारात येत नसे. शिंपले उरले नव्हते हे एक, आणि आमच्याकडचं घ्यायला नको हे दुसरं. मायला ते फार लागलं. मॅडमची पुढे बदली झाली. जाताना त्या मला म्हणाल्या, "गोदावरी, वरच्या डोहात मोठे शिंपले जिवंत दिसले म्हणून खूश होऊ नकोस. ते खूप वर्षं जगतात. लहान दिसतात का ते बघ. लहान दिसले नाहीत तर तिथे नुसती म्हातारी मंडळी बसली आहेत असं समज."

माझं लग्न होऊन मी कुरुंद्याला गेले. दरवर्षी उन्हाळ्यात माहेरी आले की त्या डोहावर जायचे. पाण्यात हात घालून चाचपायचे. शिंपले असायचे, बोट लावलं की मिटायचे, पण सगळे तेच, आम्ही टोपलीत आणलेले, दरवर्षी थोडे कमी. घरी आले की बा विचारायचा, "लहान?" मी नाही म्हणून मान हलवायचे. पुढे पुढे तो विचारीनासा झाला, नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि तेही थांबलं.

धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा बारशासाठी मी माहेरी गेले. माय मला दारातच म्हणाली, "चमच्यानं पाजून राहिले सूनबाईच्या माहेरचे लोक. जा, वरून एक शिंपला घेऊन ये. पडलेलाच घे." मी गेले. वाळूवर बराच वेळ फिरले. मोठा रिकामा शिंपला कुठेच नव्हता. परत फिरणार तेवढ्यात ओल्या वाळूत काहीतरी चमकलं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा शिंपला, दोन्ही पाकळ्या अजून जोडलेल्या, आत काही नाही. पाठीवर रेघा जेमतेम एक-दोन. मी तिथेच वाळूत बसले. आम्ही आणले तेव्हा हा नव्हता.

बा ओसरीवर बाजेवर बसला होता. मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं अंगठ्यानं चाचपला, कड बघितली, पाठ बघितली.

"कवळा हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"जिता हाय का?"

"न्हाई, बा. टरफल हाय."

तो ते टरफल तळहातावर फिरवत राहिला. मेलेलं आणून दिलं म्हणून मला वाईट वाटायला लागलं होतं. मग तो म्हणाला, "मंग एखाद्या माशानं आणला म्हन की ह्याला."

आत माय खोळंबली होती. इतका लहान बघून ती कुरकुरली, पण तिनं तो राखेनं घासला, हळदीच्या पाण्यात उकळला आणि पदरानं पुसला. त्यात दुधाचे दोन थेंब मावले. नातवाला मांडीवर घेऊन तिनं ती कड त्याच्या ओठाला लावली, आणि बा आवाजाच्या अंदाजानं जवळ सरकून बसला. लेकरानं दूध चाटलं, तोंड उघडून थोडं थांबलं, आणि आणखी हवं म्हणून रडायला लागलं.